तांबं-ॲल्युमिनियमचा जोड: टिग की लेझर?

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत टिग मशीन (विजेच्या ज्योतीने धातू वितळवून जोडणारं वेल्डिंग यंत्र) सहज मिळतं, त्यामुळे पातळ पट्ट्याही त्यावरच जोडायचा मोह होतो. माझं मत लेझरला. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १०८५ला. टिगची उष्णता पसरते, रेंगाळते. तांबं तापेपर्यंत ॲल्युमिनियम वाहून जातं. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही धातू मिसळून ठिसूळ संयुगांचा थर बनतो. जोड जितका वेळ गरम, तितका थर जाड, आणि पट्टी जरा वाकवली की तिथेच कडकन तुटते. लेझरचा ठिपका बारीक, काम मिलिसेकंदांत, म्हणून थर पातळ राहतो. पूर्ण टळत मात्र नाही. तांबं नेहमीच्या लेझरचे इन्फ्रारेड किरण परतवतं. तिथे हिरवा लेझर बरा. टिग स्वस्त, थोडी फट सांभाळून घेतं. लेझरला पट्ट्या घट्ट चिकटलेल्याच लागतात.