मेमरी फोमची मानेची उशी: कोकणच्या दमट हवेत कितपत कामाची?

सकाळी उठताना मान धरलेली आणि कामाला लागल्यावर तासा-दोन तासांत मोकळी, अशी तक्रार असेल तर मेमरी फोमची, म्हणजे दाबाने डोक्या-मानेचा आकार घेणाऱ्या फोमची, ही उशी जरूर घ्या. सकाळी ठीक आणि दिवेलागणीला ठणका, असं असेल तर पैसे वाया जातील. ते दुखणं दिवसाच्या कामाचं. काजूगर सोलताना, जाळी शिवताना, मोबाइल बघताना तासन्‌तास खाली घातलेली मान, नाहीतर आंब्याच्या दिवसांत झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) घेऊन सतत वर केलेली. डोकं साडेचार-पाच किलोचं. मान पुढे झुकली की मागचे स्नायू ते ओढून धरतात आणि खांद्यावर गाठ येते.

हाताला मुंग्या, पकड ढिली, चालताना तोल जाणं किंवा तापाबरोबर मान आखडणं, यातलं काही असेल तर उशीचा विचार सोडा आणि लगेच डॉक्टर गाठा. माडावरून किंवा दुचाकीवरून पडल्यावर मान दुखली तरी तेच, आणि तोवर मान हलवायची नाही.

आता उशी. एक कड उंच, दुसरी बुटकी, मध्ये खळगा. डोकं खळग्यात, मान कडेवर, खांदे गादीवर. बरेच जण कडच डोक्याखाली घेतात, मग हनुवटी छातीकडे जाते आणि नव्या उशीनेच मान धरते. उताणं झोपणाऱ्याने बुटकी बाजू घ्यावी, कुशीवर झोपणाऱ्याने उंच. त्यासाठी खांदा भिंतीला टेकवून ताठ उभं राहा आणि डोक्याची बाजू ते भिंत हे अंतर मोजा. मोठ्या माणसात ते बहुधा १० ते १४ सेंमी भरतं. गादी मऊ असेल तर खांदा रुततो, म्हणून एक-दोन सेंमी कमी धरा. दुकानदार 'सगळ्यांना चालते' म्हणाला तरी मापाशिवाय घेऊ नका. पालथं झोपणाऱ्याची मान रात्रभर एकीकडे वळलेली राहते, त्याला ही उशी उपयोगाची नाही.

आपल्याकडे खरी अडचण हवेची. फोम गरम होतो, घाम धरतो आणि आषाढ-श्रावणात त्याला कुबट वास मारतो. फोम धुवायचा नाही, आत शिरलेलं पाणी दिवसेंदिवस सुकत नाही आणि बुरशी धरते. खोळ चेनची हवी, जोडीला दुसरी खोळ हवीच. उशी रोज सकाळी कडेवर उभी करून पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात टाकू नका, फोम पिवळा पडून त्याचा भुगा होतो.

घरात सावरीच्या कापसाची उशी असेल तर आधी एक प्रयोग करा. टॉवेलची लांबट, मनगटाएवढी जाड गुंडाळी करून अभ्र्यात मानेच्या बाजूला सरकवा आणि आठवडाभर तशीच झोपा. सावरीत वारा खेळतो, गोळे झाले तर ऊन दाखवून हाताने मोकळे करता येतात. आठवड्याने सकाळची मान हलकी वाटली तर फोमवर खर्च करण्यात अर्थ आहे.