ईएल८४ अँप्लिफायर किट : जोडणी उत्तम, व्होल्टेजचा तक्ता अपुरा

दोन ईएल८४ आउटपुट ट्यूब (व्हॅक्यूम ट्यूब), दोन्ही चॅनेलना मिळून सुरुवातीच्या वर्धनासाठी एक १२एएक्स७ ट्यूब आणि रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारी ट्यूब, म्हणून ईझेड८१ अशी या सिंगल-एंडेड (प्रत्येक चॅनेलला एकच आउटपुट ट्यूब असलेल्या) स्टिरिओ किटची साधी रचना आहे. सुटे भाग चांगल्या प्रतीचे आहेत, ट्रान्सफॉर्मर भक्कम आहेत आणि वायरिंगची चित्रे इतकी स्वच्छ आहेत की सोल्डरिंगचा सराव असलेल्या माणसाला कुठेही अडायला होत नाही. मात्र पुस्तिकेतला जो भाग सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे व्होल्टेज तपासणीचा तक्ता, तोच उरकून टाकल्यासारखा वाटतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत किटकर्त्यांनी हयगय केलेली नाही. पहिल्यांदा वीज देताना प्रवाह मर्यादित राहावा म्हणून मेन्सच्या सिरीजमध्ये बल्ब लावावा, काळा प्रोब क्रोकोडाइल क्लिपने चॅसिसला लावून एकाच हाताने मोजावे, दुसरा हात दूर ठेवावा, हे सारे ठळक अक्षरांत दिले आहे. फिल्टर कपॅसिटरवर २२० किलोओहमचा ब्लीडर रेझिस्टर (साठलेला विद्युतभार रिकामा करणारा) मूळ रचनेतच आहे. एकूण सुमारे १०० मायक्रोफॅरडचा हा कपॅसिटरचा संच ट्यूब काढलेल्या असतानाही वीज बंद केल्यावर दीड-दोन मिनिटांत रिकामा होतो. तरीही आत हात घालण्यापूर्वी मीटरने खात्री करून घ्यावीच, कारण ब्लीडरचा एखादा जोड सुटला असेल तर तो बाहेरून कळत नाही.

तक्त्यातला पहिला दोष असा की, आकडे कोणत्या परिस्थितीत घेतले आहेत हे त्यात सांगितलेलेच नाही. ट्रान्सफॉर्मरचे सेकंडरी वाइंडिंग २७०-०-२७० व्होल्टचे आहे. ट्यूब न लावता तपासले तर एसीचे हे आकडे बरोबर मिळतात. पण आउटपुट ट्यूब न लावता केवळ रेक्टिफायर लावून डीसी मोजले, तर भार नसल्यामुळे ते ३८० व्होल्टच्या आसपास चढते, आणि तक्त्यात मात्र २८० लिहिलेले असल्याने नवशिक्या माणूस घाबरून सगळी जोडणी पुन्हा उकलायला बसेल. वास्तविक यात काहीही बिघडलेले नसते. कपॅसिटर ४५० व्होल्टचे दिले असल्यामुळे धोकाही नाही, आणि याचे श्रेय किटला द्यायलाच हवे. सिरीजमधला बल्ब काढल्याशिवाय तक्त्याशी तुलना करू नये, हेही एका ओळीत सांगता आले असते.

हीटरवर ६.३ व्होल्ट आणि १२एएक्स७ च्या प्लेटवर (इलेक्ट्रॉन गोळा करणारा भाग) १६४ व्होल्ट, कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) १.३ व्होल्ट हे आकडे व्यवस्थित जुळले. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

खरी गोम ईएल८४ च्या सॉकेटवर आहे. पिन २ म्हणजे कंट्रोल ग्रिड, ट्यूबमधला प्रवाह नियंत्रित करणारी जाळी, आणि तक्त्यात त्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. तिथे शून्य व्होल्ट असायला हवेत हे सांगण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. माझ्या किटमध्ये उजव्या चॅनेलवर शून्य आले, डाव्या चॅनेलवर मात्र +०.६ व्होल्ट दिसले. कॅथोडवरही उजवीकडे ८.१ आणि डावीकडे ८.५ असा फरक होता. ग्रिडवर धन व्होल्टेज दिसले की संशयित दोन : गळका कपलिंग कपॅसिटर (आधीच्या ट्यूबचा संकेत पुढे देऊन डीसी अडवणारा) किंवा खराब ट्यूब. कपॅसिटरचा ग्रिडकडचा पाय सोडवून पुन्हा मोजल्यावर आकडा शून्यावर आला, म्हणजे ट्यूब निर्दोष ठरली. कपॅसिटर बदलल्यावर दोन्ही बाजूंचे कॅथोड ८.१ वर जुळले. पुस्तिकेवर विसंबून राहिले असते, तर हा दोष अँप्लिफायरमध्ये तसाच राहिला असता.

त्याहून गंभीर गोष्ट त्या ८.१ या आकड्यातच आहे. तक्ता कॅथोडवर '७ ते ९ व्होल्ट' चालतील असे म्हणतो आणि तिथेच थांबतो. कॅथोड रेझिस्टर १३५ ओहमचा आहे, म्हणजे ट्यूबमधून ६० मिलिअँपिअर वाहतात. त्यातले सुमारे ६ स्क्रीनचे (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचे) वजा केले की प्लेटचे ५४ उरतात. प्लेटवरच्या २७८ व्होल्टमधून कॅथोडचे ८ वजा करून गुणाकार केला, तर साडेचौदा वॅट होतात. ईएल८४ च्या प्लेटवर उष्णतेच्या रूपाने खर्च होणाऱ्या शक्तीची कमाल मर्यादा १२ वॅट आहे. १३५ ओहम हा आकडा डेटाशीटमधला (ट्यूबच्या अधिकृत माहितीपत्रकातला) खरा, पण तो प्लेट आणि स्क्रीन दोन्ही २५० व्होल्टवर असतानाचा आहे. इथे व्होल्टेज वाढवूनही रेझिस्टर तोच ठेवला आहे. अशा वापरात ट्यूब लगेच जळणार नाही, परंतु तिचे आयुष्य निश्चित घटेल, आणि तक्त्याप्रमाणे मात्र सर्व काही आलबेल दिसेल.

त्या जागी २२० ओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर लावल्यावर कॅथोडवर ९.७ व्होल्ट आले. हा आकडा तक्त्याच्या पट्ट्याबाहेरचा आहे, पण प्लेटवरचा भार पावणेअकरा वॅटच्या आसपास उतरला. आवाजाच्या कमाल पातळीत किंचित घट होते, ती नेहमीच्या ऐकण्यात जाणवत नाही. हा बदल करण्याची आणि आकडेमोड करण्याची तयारी असेल, तर किट घ्यायला हरकत नाही. केवळ पुस्तिकेच्या आधाराने जोडणार असाल, तर तूर्तास घेऊ नये.