पालिकेचं वर्षभराचं काम तपासायला कोणतं बाड उघडावं?

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. पुण्या-मुंबईत नगरसेवकांची मुदत मार्च २०२२मध्येच संपली होती. तेव्हापासून बजेट मांडणारा प्रशासक आणि त्याला मंजुरी देणाराही प्रशासकच. आता जाब विचारायला प्रभागात माणूस आहे. आमच्या चार सोसायट्यांच्या गटाने याचसाठी बैठक लावली आणि दहा मिनिटांत गाडी रुतली: विचारायचं ते कोणत्या कागदावर बोट ठेवून? एकीचं म्हणणं पर्यावरण अहवाल घ्या, दुसऱ्याचं म्हणणं स्वच्छ सर्वेक्षणातला क्रमांक घ्या. एक काका बजेटची छापील प्रत घेऊन आले होते. तिची जाडी बघून सगळे चहाकडे वळले.

नंतर मी हे सगळे कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचले, त्याचं हे टिपण. तुमचाही असा गट असेल आणि वर्षाकाठी दोन-तीन संध्याकाळीच हाताशी असतील, तर त्या कशावर घालवाव्यात हे ठरवायला उपयोगी पडेल. उदाहरणं मुख्यतः पुण्याची आहेत. पण मुंबईचा १८८८चा स्वतंत्र कायदा सोडला, तर राज्यातल्या बाकी सगळ्या महापालिका १९४९च्या एकाच अधिनियमाखाली चालतात, त्यामुळे कागद सगळीकडे साधारण तेच.

बजेट: पुढचे आकडे सोडा, मागचे बघा

एकच कागद निवडायचा तर मी बजेट निवडेन. मात्र ज्या आकड्याची बातमी होते तो बघायला नव्हे. पुण्याचं २०२५-२६चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं, मुंबईचं त्याच वर्षीचं ७४,४२७ कोटींचं. दुसऱ्या दिवशी पेपरात हाच आकडा ठळक टायपात येतो, आणि प्रगती मोजायला तोच सगळ्यांत निरुपयोगी. तो नुसता इरादा. झालेलं काम कळतं ते मागच्या वर्षाच्या ‘प्रत्यक्ष खर्च’ या रकान्यात, आणि थोडंफार चालू वर्षाच्या ‘सुधारित अंदाजा’त.

माझी बहीण दुसऱ्या एका शहरात राहते, नाव कशाला घ्या. तिच्या गल्लीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं. तिने सलग तीन वर्षांच्या बजेटमधली एकच ओळ मला फोटो काढून पाठवली. पहिल्या वर्षी ‘पावसाळी वाहिनी टाकणे’, पुढे तरतूद. दुसऱ्या वर्षी तीच ओळ, पुन्हा तरतूद, आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात एक आडवी रेघ. तिसऱ्या वर्षी ओळीचं नावच बदललेलं: ‘पावसाळी वाहिनी व अनुषंगिक कामे करणे’. यंदा खर्च पडलेला होता! चौकशी केल्यावर कळलं, वाहिनीचे पैसे वर्गीकरण करून, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळवून, शेजारच्या गल्लीत पेव्हर ब्लॉकला गेले. ‘अनुषंगिक’ हा शब्द दिसला की पेन्सिलीने गोल करून ठेवावा. वाहिनी सापडत नाही तेव्हा ती बहुधा त्या शब्दाखाली असते.

बजेट वाचण्यात अडचणी आहेतच. एकाच वर्षाची तीन पुस्तकं निघतात: आयुक्तांचं, त्यावर स्थायी समितीने भर घातलेलं, आणि मुख्य सभेने मंजूर केलेलं. पहिल्यापेक्षा दुसरं फुगलेलं असतं आणि ती सूज बरेचदा नगरसेवकांच्या कामांची असते. पुण्यात त्याला स-यादी म्हणतात. बाक, कमानी, नामफलक यांचं माहेरघर. तुलना करायची तर तिन्ही वर्षांची एकाच टप्प्यावरची पुस्तकं घ्या, नाहीतर सगळाच हिशेब चुकतो. मुंबईत आणखी एक गंमत: पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाचा ‘ग’ अर्थसंकल्प वेगळा, शिक्षणाचा ‘ई’ वेगळा. मोठं पुस्तक चाळून ‘पाण्यावर काहीच नाही’ असं म्हणणारे मी पाहिले आहेत. शिवाय अनेक ठिकाणच्या पीडीएफ जुन्या मराठी फॉन्टात असतात. युनिकोडमध्ये गल्लीचं नाव टाकून शोधलं की ‘काहीही सापडले नाही’, आणि माणूस समजतो कामच नाही. डोळ्यांनीच पानं उलटावी लागतात.

आणि बजेट जे सांगूच शकत नाही ते असं, की पैसा गेला म्हणजे काम झालं असं नाही. पुण्याने जून २०१७मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे कर्जरोखे काढले, मुंबई शेअर बाजारात घंटा वाजली, देशभर कौतुक झालं. थोड्याच दिवसांत योजनेच्या निविदा रद्द झाल्या. म्हणजे कर्ज हजर, व्याज चालू आणि काम अजून कागदावर. नुसत्या जमाखर्चाच्या पानावर ते वर्ष भरभराटीचंच दिसलं असेल.

प्रशासन अहवाल: टक्क्यांचा कारखाना

कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे दर वर्षी १ एप्रिलनंतर आयुक्तांनी आदल्या वर्षाचा प्रशासन अहवाल आणि जमाखर्च तयार करायचा असतो. कागदोपत्री ‘वर्षभरातली प्रगती’ सांगणारा खरा दस्तऐवज हाच. खातेवार रचना, प्रकल्पांची नावं, कामाचा टप्पा, सगळं एका जागी. बजेटपेक्षा वाचायला कितीतरी सोपा, म्हणून घाईतल्या माणसाला मोह होतो.

माझी तक्रार त्यातल्या टक्क्यांबद्दल आहे. भौतिक प्रगती अमुक टक्के, आर्थिक प्रगती तमुक टक्के. पण कशाचे टक्के? समान पाणीपुरवठा योजनेत ८२ टाक्या आणि १४१ झोन ठरले होते. टाक्या मोजल्या तर एक टक्केवारी येते, नळाला बसवलेले मीटर मोजले तर दुसरी, टाकलेल्या वाहिन्यांचे किलोमीटर मोजले तर तिसरी. योजनेचं उद्दिष्ट मात्र चोवीस तास पाणी हे होतं. किती घरांत चोवीस तास पाणी येतं, हा रकाना असेल तर अहवाल कामाचा. नसेल तर तो ठेकेदाराच्या कामाचा हजेरीपट आहे, शहराचा प्रगतिपट नव्हे.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो फक्त याच कागदावर चालतो. यंदाचा अहवाल एकटा वाचायचा नाही. तीन वर्षांपूर्वीचा काढायचा आणि एकाच प्रकल्पाची ‘पूर्ण होण्याची मुदत’ दोन्हींत बघायची. मुळा-मुठा नदी सुधारणेचा, ‘जायका’ या जपानी संस्थेच्या कर्जामुळे आपण ज्याला जायका प्रकल्प म्हणतो तो, केंद्राने जानेवारी २०१६मध्ये मंजूर केला: ९९०.२६ कोटी, ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, रोजची ३९६ दशलक्ष लिटर क्षमता, मुदत जानेवारी २०२२. मुदत उलटली तेव्हा काम पूर्ण झालेलं नव्हतं. टक्के दर वर्षी वाढत असतात आणि मुदतही दर वर्षी पुढे सरकत असते. दोन्ही आकडे खरे असतात. शेजारी-शेजारी ठेवल्यावरच त्यांचा अर्थ लागतो.

पर्यावरण अहवाल: इथे काम नाही, परिणाम आहे

कलम ६७अ प्रमाणे ३१ जुलैपूर्वी आयुक्तांनी शहराच्या पर्यावरणाचा स्थितिदर्शक अहवाल सभेपुढे ठेवायचा असतो. हवा, पाणी, आवाज, झाडं, वाहनांची संख्या, कचरा. सभेत तो फारसा गाजत नाही, आणि शहराच्या मोठ्या प्रश्नांसाठी मला तर हा सगळ्यांत दुर्लक्षित, तरी फार कामाचा कागद वाटतो. यात कोणी काय केलं यापेक्षा शहराचं काय झालं हे आधी येतं. नदीवर कितीही कोटी खर्च होवोत, शुद्धीकरण केंद्राचं काम कितीही टक्के होवो, पुलाखालच्या पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन; जितका जास्त, तितकं पाणी घाण) काय निघाली ते इथे कळतं. उघड्यावर आंघोळीला योग्य पाण्यासाठी ती लिटरमागे ३ मिलिग्रॅम किंवा कमी हवी. हा एक आकडा लक्षात ठेवला की नदीवरच्या भाषणांपैकी निम्मी ऐकायची गरज उरत नाही.

उणं एवढंच, की पालिका स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर स्वतःच सही करते. नमुना पावसाळ्यानंतर भरल्या नदीत घेतला की मे महिन्यात, यानेही फरक पडतो. म्हणून महिना आणि नमुन्याची जागा बघूनच दोन वर्षांची तुलना करावी. आणि ‘शहराचं उद्दिष्ट’ या अहवालात क्वचितच लिहिलेलं असतं. ते तुम्ही बाहेरून, प्रशासन अहवालातून किंवा २०१७मध्ये मंजूर झालेल्या विकास आराखड्यातून, आणून शेजारी ठेवायचं.

क्रमांक आणि निर्देशांक

इथे मी फार थांबत नाही. केंद्राच्या राहणीमान निर्देशांकात २०१८ साली १११ शहरांत पुणं पहिलं होतं. २०२०च्या फेरीत दहा लाखांवरच्या शहरांत दुसरं, बंगळुरूच्या मागे. स्वच्छ सर्वेक्षणात पुणं २०१८ला दहावं, २०१९ला सदतिसावं, २०२०ला पंधरावं, २०२१ला पाचवं. आपल्या कोपऱ्यावरचा कचऱ्याचा ढीग या चार वर्षांत इतका खालीवर झालेला तुम्हाला आठवतो का? मला नाही. क्रमांक आपल्या शहराइतकाच बाकीच्या शहरांवर आणि गुण देण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो. त्यातून आपलं शहर कालच्यापेक्षा आज कुठे आहे हे कळत नाही, इंदूरच्या किती मागे आहे एवढंच कळतं. नगरसेवकासमोर क्रमांक ठेवला की तोही आनंदाने त्यावरच बोलतो. ते टाळा.

मुंबईत प्रजा फाउंडेशन माहिती अधिकारातून आकडे मिळवून तक्रारींचा आणि लोकप्रतिनिधींच्या कामाचा आढावा काढतं. ते वेगळ्या जातीचं काम आहे. बाहेरच्याने केलेलं, पालिकेच्याच नोंदींवर उभं. तुमच्या शहरात असं कोणी करत असेल तर तिथूनच सुरुवात करा.

लेखापरीक्षण आणि माहिती अधिकार

मुख्य लेखापरीक्षकांच्या अहवालात ‘वसूलपात्र रक्कम’ आणि ‘आक्षेपाधीन रक्कम’ हे दोन शब्द शोधायचे. जुन्या वर्षांचे आक्षेप वर्षानुवर्षं प्रलंबित असतात, त्यामुळे यंदाची प्रगती यातून दिसत नाही. घोटाळा हुडकायचा असेल तर घ्या, वार्षिक आढाव्यासाठी नको.

माहिती अधिकाराचा अर्ज हा कागद नव्हे, हत्यार आहे, आणि ते शेवटी काढायचं. आधी बजेटची ओळ, मग प्रश्न. ‘प्रभागातील सर्व कामांची माहिती द्यावी’ असा अर्ज केला की माहिती मोठी आहे, येऊन पाहून जा, असं उत्तर येतं. ‘अमुक बजेट हेडवरील अमुक कामाचा कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत’ (म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश आणि झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) असं मागितलं की चार पानांत खेळ संपतो. पुणे पालिकेत २००९पासून दर सोमवारी ३ ते ५ फाइली पाहू देण्याची पद्धत सुरू झाली होती; राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८मध्ये जिल्हा आणि स्थानिक कार्यालयांसाठी तोच शिरस्ता घातला. आपल्या क्षेत्रीय कार्यालयात तो पाळतात का, हे आधी फोन करून विचारा.

मग कोणी काय घ्यावं

प्रश्न गल्लीचा असेल, रस्ता, गटार, दिवे, तर तीन वर्षांचं बजेट आणि त्यावर बेतलेला एक नेमका अर्ज. बाकी काही नको. प्रश्न शहराच्या मोठ्या उद्दिष्टाचा असेल, नदी, पाणी, हवा, तर बजेट बाजूला ठेवून जुना-नवा प्रशासन अहवाल आणि पर्यावरण अहवाल. एकाच संध्याकाळचा वेळ असेल तर बजेटमधली ‘प्रत्यक्ष खर्च’वाली पानं, तेही फक्त आपल्या क्षेत्रीय कार्यालयाची. आणि पुण्यात असाल तर नागरिकांकडून बजेटसाठी कामं सुचवून घेण्याची जी योजना २००६-०७पासून चालू आहे, तिचे अर्ज निघतात त्याआधी हे वाचन उरकलेलं बरं. एरवी जे काम गेल्या वर्षी मंजूर होऊन पडलंय, तेच आपण पुन्हा सुचवून बसतो.

आमच्या गटाने नदी आणि गटार, दोन्ही घेतलंय. काकांनी बजेटच्या प्रतीत पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्यात, आणि पुढच्या बैठकीला चहा शेवटी ठेवायचा असं ठरलंय.