"शेजारच्यांशी बोलू नका," असं एजंट म्हणाला तर…

सिंहगड रोडच्या आतल्या बाजूला, एका जुन्या एन.ए. (बिगरशेती) लेआउटमधला बंगला आम्ही रिसेलमध्ये घेतला. स्वतंत्र सातबारा, वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, बँकेचं कर्ज, रजिस्टर्ड खरेदीखत, सगळं रीतसर. तरी गंडवले गेलो. ज्या पद्धतीने गंडवलं ती इतकी सोपी आहे की इतरांवरही वापरली जात असणार, म्हणून सविस्तर लिहितेय. मालक आणि एजंट यांची नावं देत नाही, दावा चालू आहे.

पहिल्याच भेटीत गाडीतून उतरता उतरता एजंटने बजावलं, "ताई, शेजारच्यांशी बोलायला जाऊ नका हं. म्हातारे जरा विक्षिप्त आहेत. हे घर त्यांना भाच्यासाठी स्वस्तात हवंय, म्हणून येईल त्या गिऱ्हाइकाचं मन बिथरवतात." पुण्यात विक्षिप्त शेजारी म्हणजे काही नवल नाही, आम्ही हसून सोडून दिलं. घर दाखवायची वेळ तो नेहमी भर दुपारची द्यायचा. एक ते चार या वेळात आमच्या पुण्यात कोण दार उघडतंय!

बंगल्याच्या डाव्या अंगाला गेटपासून मागच्या मोरीपर्यंत गाडीची जागा होती. कंपाउंडची भिंत नवी, रंग ताजा. खाली पेव्हर ब्लॉक, पण भिंतीलगतचा अडीचेक फुटांचा पट्टा बाकीच्यापेक्षा जास्त लाल. विचारलं तर म्हणाला, ड्रेनेजचं काम झालंय. पट्ट्यात चेंबरचं झाकण होतंच, त्यामुळे उत्तर बिनतोड वाटलं. शेजारच्यांच्या भिंतीवर एक कॅमेरा होता, तोंड थेट आमच्या स्वयंपाकघराकडे आणि धुणं वाळत घालायच्या जागेकडे. मी टोकलं. "चांगलंच की ताई, फुकटात तुमच्याही घरावर लक्ष राहतं." शेजारच्या जिन्याच्या खिडकीसमोर मालकांनी हिरवी शेडनेट ताणून वर कृष्णकमळाचा वेल चढवला होता. ती खिडकी कायमची बंद असते, असं सांगण्यात आलं.

माझ्या नवऱ्याने मोजणीची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, मागितली. मालक म्हणाले, मंजूर लेआउटमध्ये कसली मोजणी काढता? अर्ज केला तर सहा महिने जातील, आणि माझ्याकडे दुसरी पार्टी टोकन घेऊन उभी आहे. दुसरी पार्टी होती की नाही, देव जाणे.

सामान लागल्यावर मी पेढे घेऊन शेजारी गेले. काकांनी पेढा हातात धरूनच विचारलं, "खरेदीखतात क्षेत्र किती लिहिलंय?" मग आतून फाइल आणली. त्यात त्यांनी स्वतः करून घेतलेल्या हद्द कायम मोजणीची क प्रत, आधीच्या मालकाला वकिलामार्फत पाठवलेली नोटीस आणि तिची पोचपावती. नकाशात दोन रेघा होत्या. एक अभिलेखाप्रमाणे, म्हणजे सरकारी नोंदीतली हद्द, दुसरी वहिवाटीची, म्हणजे प्रत्यक्ष वापरातली. दोन्हींच्या मधला चिंचोळा पट्टा म्हणजे आमचे ते लालभडक पेव्हर ब्लॉक. काका मुलाकडे परदेशात गेले असताना मालकाने जुनं तारेचं कुंपण काढून भिंत अडीच फूट पलीकडे सरकवून बांधली होती. चेंबर काकांच्या घराचं. (हे नंतर रोज सकाळी ऐकूनही कळायचं. त्यांच्याकडे आंघोळी सुरू झाल्या की आमच्या गाडीखाली खळखळ.) भांडण झालं, मालकाने शिवीगाळ केली, तेव्हा पुरावा म्हणून काकांनी कॅमेरा बसवला. तो आमच्या स्वयंपाकघरावर रोखलेला नव्हता, भिंतीवर रोखलेला होता. आमचं स्वयंपाकघर मध्ये येत होतं इतकंच. आणि ती "कायमची बंद" खिडकी काकू रोज संध्याकाळी उघडतात.

आता यातली खरी गोम. काकांनी नोटीस पाठवली, पण या वयात कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार म्हणून दावा लावला नाही. त्यामुळे हा वाद कुठेच नोंदलेला नव्हता. सातबाऱ्यावर क्षेत्र आणि नाव असतं, भिंत कुठे उभी आहे ते नसतं. सर्च रिपोर्टमध्ये मालकी आणि बोजा तपासतात. बँकेकडून व्हॅल्युएशनला आलेला मुलगा खोल्या मोजून, फोटो काढून गेला. दावा असता तर निदान ई-कोर्ट्सवर मालकाच्या नावाने शोधून सापडला असता. हा वाद माहीत असलेली माणसं दोनच, मालक आणि काका. म्हणूनच एजंटचं ते पहिलं वाक्य इतकं मोलाचं होतं. सत्य सांगू शकणाऱ्या एकमेव माणसाला त्याने आधीच खोटारडा ठरवून ठेवलं होतं.

आम्ही आमच्या नावाने मोजणी मागवली. भूकरमापकाने (सरकारी मोजणीदाराने) काढलेली रेघ काकांच्या नकाशाशी जुळली. कागदावरचं क्षेत्र आमचं आम्हाला पूर्ण मिळतंय, त्यामुळे मालकाच्या वकिलाचं म्हणणं, "तुमचं नुकसान काय झालं?" नुकसान असं की गाडीची जागा धरून भाव ठरला होता. आता गाडी आत जाते, पण चालकाच्या बाजूचं दार अर्धंच उघडतं.

आमचा आधार मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ यातलं कलम ५५. मिळकतीतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडण्यासारखा नसेल, तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. काकांच्या नोटिशीची पोचपावती इथे सोन्याच्या मोलाची ठरतेय, कारण तिच्यावर मालकाची सही आहे. समोरून उत्तर आलं ते खरेदीखतातल्या ठरावीक वाक्याचं: "खरेदीदाराने मिळकतीची समक्ष पाहणी करून खात्री करून घेतली आहे." हे वाक्य जवळपास प्रत्येक मसुद्यात असतं आणि सही करताना कुणी त्यावर थांबत नाही. पोलीस चौकीत तर "ही दिवाणी बाब आहे" म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावलं.

काही हितचिंतकांनी सल्ला दिला की ताबा सोडू नका, १२ वर्षं गेली की जागा तुमचीच. एक तर नोटीस, मोजणी हे सगळं झालेलं असताना हे इतकं सरळ नसतं. आणि १२ वर्षं ज्यांच्या खिडकीसमोर राहायचं त्यांची जमीन दाबून राहायची हौस आम्हाला नाही. काकांशी समजुतीचा लेखी करार केला, पावसाळा संपल्यावर भिंत मूळ हद्दीवर घेतली. कॅमेरा त्यांनी त्याच आठवड्यात स्वतःच्या गेटकडे वळवला. खिडकी झाकलेली राहावी हा हट्ट मात्र मी सोडला. वकिलांनी समजावलं की १८८२ च्या ईझमेंट (शेजारच्या मिळकतीवरचे वापराचे हक्क) कायद्यात २० वर्षं अखंड उपभोगलेल्या उजेड-वाऱ्यालाही हक्काचं संरक्षण मिळतं, आणि काकांची खिडकी त्याहून जुनी आहे. खासगीपणाचा मुद्दा त्या कायद्यात येतो तो स्थानिक रूढी म्हणून, आणि तशी रूढी इथे आहे हे सिद्ध करायला मीच पुरावे आणायचे. त्यापेक्षा काकूंनी खालच्या अर्ध्या काचांना दुधी फिल्म लावू दिली, खर्च आमचा. काम भागलं.

घर बघत असाल तर टोकन देण्याआधी दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या शेजाऱ्याकडे संध्याकाळी, एजंटला न सांगता जा. "भांडण आहे का?" असं विचारू नका, लोक सावध होतात. "ही भिंत कुणी बांधली, कधी बांधली?" एवढंच विचारा, बाकीचं आपोआप बाहेर येतं. चेंबरचं झाकण कुणाचं, पन्हळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, हेही बघा. मोजणीचा अर्ज ज्याच्या नावावर जमीन त्यालाच करता येतो, म्हणजे खरेदीआधी तो मालकालाच करावा लागणार. लगतधारकांना (शेजारच्या जमीनमालकांना) नोटिसा जातात, म्हणून लपवण्यासारखं काही असलं की मालक नेमका इथेच टाळाटाळ करतो. आणि विसारपावतीत (टोकन देताना होणाऱ्या लेखी करारात) वकिलाला सांगून एवढं घालून घ्या: मालकाने क प्रत द्यावी, हद्द, वहिवाट, खिडक्या, ड्रेनेज यांबाबत कुठल्याही शेजाऱ्याशी तोंडी वा लेखी वाद नाही असं लिहून द्यावं, मोजणीत भिंत हद्दीबाहेर निघाली तर विसार पूर्ण परत, आणि त्या तारखेपर्यंत मोठी रक्कम त्याच्या खात्यात जाणार नाही.