पाळी गेल्यावर वजन उचलायला शिकवणारा दुपारचा वर्ग: आठ महिन्यांचा अनुभव

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पंचेचाळीशीच्या पुढच्या बायकांसाठी वेट ट्रेनिंगचा वर्ग सुरू केलाय, मी तिथे आठ महिने जातेय. वर्गाचं नाव टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, कारण एका बॅचला १२ च्या वर बायका त्या घेत नाहीत आणि फोन घ्यायला वेगळं माणूस नाही. तरी सविस्तर लिहितेय, कारण असा वर्ग शोधताना काय बघायचं हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.

आधी माझं सांगते म्हणजे कळेल. मी ५१ ची. पाळी ४८ ला गेली, म्हणजे सलग १२ महिने आली नाही तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की आता गेली म्हणायचं. आपल्याकडे सरासरी ४६-४७ च्या आसपास जातेच, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही, पण त्याबरोबर जे जे आलं त्याची कल्पनाच नव्हती. पहाटे तीनला अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं आणि जाग यायची, उशी ओली, मी पंखा पाचवर करायची आणि हे शेजारी दोन पांघरुणं घेऊन. उजवा खांदा धरला तो सहा महिने, वेणी घालता येईना. आणि शिंक आली की पाय आवळून उभं राहायचं, हे मी सख्ख्या बहिणीलाही बोलले नव्हते. इथे लिहितेय कारण वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात मॅडमनी सरळ विचारलं की खोकताना-शिंकताना कोणाकोणाला थेंब जातात, आणि ११ जणींतल्या ८ जणींनी हात वर केला. मी त्या दिवशी घरी येऊन बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली अगं मला चार वर्षं झाली!

मला खरी भीती हाडांची होती. आई ७१ ची असताना बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळली आणि खुबा मोडला, त्यानंतर ती वॉकरशिवाय कधी चालली नाही. म्हणून मी माझी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घेतली, कमरेच्या मणक्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढतात तो आकडा) उणे १.९ आला. उणे १ ते उणे २.५ च्या मधे असलं की ऑस्टिओपेनिया म्हणतात आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे मी मधल्या पायरीवर होते. व्हिटॅमिन डी होतं ११, म्हणजे कमीच. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन एकदम कमी होतं आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सगळ्यात जोरात होते, हे मला ५० व्या वर्षी कळलं. शाळेत आम्हाला पाळी कशी येते ते अर्ध्या तासात उरकून सांगितलं होतं, जाते कशी ते कोणीच सांगितलं नाही.

तर मी घराजवळच्या एका जिममध्ये गेले. तिथल्या मुलाने रिपोर्ट हातात घेऊनही पाहिला नाही, मला ट्रेडमिलवर सोडलं आणि एक-एक किलोचे गुलाबी डंबेल दिले, म्हणाला काकू या वयात एवढंच पुरे, जड उचललं तर कंबर जाईल. वर्षाची फी भरली होती, तीन महिन्यांत बंद केलं. त्या मुलावर राग नाही माझा, त्याला कोणी शिकवलंच नसणार, पण रोज भरलेली बादली उचलणाऱ्या बाईला एक किलो देतात याचं वाईट मात्र वाटलं.

आता या वर्गाबद्दल. पहिल्या दिवशी व्यायाम नाहीच. पाऊण तास मॅडम समोर बसून लिहून घेतात, पाळी कधी गेली, ऑपरेशन कुठलं झालं, बीपी-शुगर, गोळ्या कुठल्या, आईला काय काय झालं होतं, झोप किती. डेक्साचा रिपोर्ट नसेल तर करून आणायला सांगतात, आणि मणक्यात आधी फ्रॅक्चर झालेलं असेल तर हाडाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय घेत नाहीत. मग जमिनीवर मांडी घालून बसायला लावतात आणि कशाचाही आधार न घेता उठायला सांगतात. मला नाही जमलं. एक हात गुडघ्यावर, एक फरशीवर, मग उठले. त्यांनी वहीत लिहिलं, "उठताना २ हात", खाली तारीख. बास. हळहळ नाही की उपदेश नाही. ती शंभर पानी वही आपली आपल्याजवळ ठेवायची आणि रोज आणायची, कुठला व्यायाम, किती किलो, किती वेळा, त्या दिवशी कसं वाटलं, सगळं स्वतःच्या हाताने लिहायचं.

पहिला महिना नुसती काठी. खरंच, लाकडी काठी पाठीला लावायची, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही टेकलेलं पाहिजे आणि कमरेतून वाकायचं. मॅडम म्हणतात की पाठीमागच्या कपाटाचं दार बुडाने धक्का मारून लावायचंय अशी कल्पना करा ताई. (त्या आम्हा सगळ्यांना ताईच म्हणतात, स्वतः चाळिशीच्या आतल्या आहेत.) मला वाटलं काठीसाठी एवढे पैसे भरले का मी, पण आयुष्यभर मी पाठीतून वाकत होते, केर काढताना, धुणं पिळताना, नातवंडाला उचलताना, हे त्या एका महिन्यात कळलं. मग रिकामा बार आला, म्हणजे चकत्या न लावलेला लोखंडी दांडा, बायकांचा बार १५ किलोचा असतो, त्याला धरायच्या जागी खरखरीत नक्षी असते ती तळव्यात रुतते. पहिल्यांदा उचलला तेव्हा मॅडम गुडघ्यावर बसून माझ्या पायांकडे बघत होत्या, म्हणाल्या ताई जमीन पायाने खाली ढकला, बार आपोआप येईल. आणि आला हो. वर उभी राहिले आणि दोन सेकंद कळेचना की आता याचं काय करायचं. तळव्यावर चार लाल गोल उमटले होते ते मी संध्याकाळी सुनेला दाखवले.

चौथ्या महिन्यात ३० किलो झालं. का सांगते ३० चं, घरातला गॅसचा सिलिंडर, आत गॅस १४.२ किलो आणि रिकाम्या टाकीचं वजन वर रंगवलेलं असतं ते साधारण १५-१६, म्हणजे भरलेला जवळजवळ ३० किलो. इतकी वर्षं तो आला की मी यांना किंवा मुलाला हाक मारायची, नाहीतर तिरका करून फरशीवरून घरंगळत न्यायची. मागच्या दिवाळीच्या आधी आला तेव्हा घरात कोणी नव्हतं, मी दारात उभी राहिले, पाय रोवले, कमरेतून वाकले आणि दोन्ही हातांनी कडं धरून उचलून सरळ ओट्याखाली नेऊन ठेवला. गॅसवाल्या भाऊंना म्हटलं रिकामा पण मीच आणते बाहेर. ते नुसते बघत होते. आज माझी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहणं, ४२ किलोची आहे, आणि वर्गातल्या बँकेतून रिटायर झालेल्या ६४ वर्षांच्या ताई ४५ उचलतात, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून.

इतकं जड कशाला, असं मीही विचारलं होतं. मॅडमनी ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ युनिव्हर्सिटीचा अभ्यास सांगितला, हाडांची घनता कमी झालेल्या ५८ च्या पुढच्या १०१ बायका घेतल्या, एका गटाला आठवड्यातून दोनदा अर्धा तास देखरेखीखाली जड वजनं आणि उड्या, दुसऱ्या गटाला घरच्या घरी हलका व्यायाम. आठ महिन्यांनी पहिल्या गटाची मणक्याची घनता साधारण ३ टक्क्यांनी वाढली होती आणि दुसऱ्या गटाची सव्वा टक्क्याच्या आसपास घटली. चालणं चांगलंच आहे, हृदयाला, मनाला, मी अजूनही सकाळी चालते, पण नुसत्या चालण्याने माझी हाडं सावरतील या समजुतीत मी दोन वर्षं काढली. डब्ल्यूएचओ म्हणजे जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगतंच. माझी स्वतःची डेक्सा मी अजून परत केली नाहीये, एक-दोन वर्षांच्या आत केली तर फरक नीट दिसत नाही म्हणतात, त्यामुळे माझं हाड किती सुधारलं ते आज छातीठोक सांगणार नाही.

काय सुधारलं ते सांगते. जमिनीवरून एकही हात न टेकता उठते, वहीत तारखेसकट आहे. खांदा मोकळा झाला. शिंकेचं जवळजवळ थांबलंय, त्यासाठी मॅडमनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे वेगळे व्यायाम दिले, कीगल, श्वास सोडताना आत-वर ओढायचं, आणि वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही. श्रावणात भाचीच्या मंगळागौरीला मी बसफुगडी घातली, पंधरा वर्षांनी, दोन फेऱ्या. माझ्याबरोबर घालणारी मुलगी २६ ची होती आणि ती आधी थांबली.

अंगातल्या वाफा मात्र या व्यायामाने गेल्या नाहीत, उगाच तसं कोणाला सांगणार नाही. त्याच्यासाठी मी वेगळ्या स्त्रीरोगतज्ज्ञ गाठल्या. आधीच्या डॉक्टरांनी "होतंच या वयात, दुर्लक्ष करा" म्हणून परत पाठवलं होतं. नवीन डॉक्टरांनी मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) केली, घरात कोणाला कॅन्सर आहे का, रक्ताच्या गाठी होतात का सगळं विचारलं आणि मग औषध सुरू केलं, आता रात्र सलग जाते. वर्गातल्या मॅडमनीच मला दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला लावलं, हे मी त्यांच्या खात्यावर जमा करते.

खाण्याचं त्या फार ताणत नाहीत पण प्रोटीन रोज विचारतात. आपण बायका सगळ्यांना वाढून उरलेली आमटी पोळीला लावून खातो आणि जेवलो म्हणतो. आता माझ्या ताटात डाळ घट्ट असते, एक वाटी मटकी किंवा दोन अंडी, वाटीभर दही. नाचणीची भाकरी आठवड्यातून चारदा, एका भाकरीत कॅल्शियम साधारण दोनशे मिलिग्रॅम पडतं आणि पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० लागतं, त्यामुळे तिळाची चटणी पण डब्यात कायम. प्रोटीन पावडर विकायचा प्रयत्न त्यांनी एकदाही केला नाही, इतर ठिकाणी पहिल्या दिवशीच डबा समोर ठेवतात.

आता खटकलेलं. जागा लहान आहे, मे महिन्यात दोन पंख्यांवर बारा बायका म्हणजे जीव घाबरतो, त्यात आम्हाला आधीच गरम होतं, एक कूलर तरी हवाच. डंबेल ५ किलोनंतर एकदम १०, मधलं साडेसात नाही, आणि बारला लावायच्या सव्वा किलोच्या चकत्या एकच जोडी आहे, त्यामुळे खांद्याच्या व्यायामात मी दोन महिने ५ वर अडकले होते. मॅडमना तीनदा बोलले, आणते म्हणाल्यात. बाथरूम एकच. फी तीन महिन्यांची ६००० एकदम घेतात आणि मधे गावाला गेलात, आजारी पडलात तरी दिवस पुढे धरत नाहीत, हे मला पटत नाही, या वयात घरात आजारपणं आपल्याच अंगावर येतात, तेवढी सवलत ठेवायला हवी. सगळ्यात मोठी अडचण वेळेची, मंगळवार-शुक्रवार दुपारी अडीच. मला जमतं, पण नोकरीवाल्या बायकांनी काय करायचं, आणि आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई, ४७ च्या आहेत, गुडघे धरलेत, त्यांना ही फी आणि ही वेळ दोन्ही परवडत नाही. मी मॅडमना म्हटलंय की रविवारी सकाळी एक कमी फीचा बॅच ठेवा, मी काठीवाला पहिला महिना शिकवायला मदत करते.

कोणी जाणार असाल, किंवा तुमच्या गावात असा वर्ग बघणार असाल, तर पहिल्या दिवशी शिकवणारे तुमचा रिपोर्ट वाचतात का ते बघा आणि तीन महिन्यांनी किती किलो उचलायचंय असं विचारलं की आकडा सांगतात का ते बघा. डेक्सा, डी आणि बीपीचे कागद बरोबर न्या. बूट मऊ गादीचे नकोत, सपाट तळाचे साधे कॅनव्हासचे घ्या, आमच्यात निम्म्या जणी अनवाणीच करतात. आणि शंभर पानी वही.