बांधून ठेवायचं की बोलून शांत करायचं?
आमच्या मामाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार), भडकला की आजोबा त्याले गोठ्यातल्या खांबाला बांधायचे, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं पण सोडलं की दुप्पट चिडायचा न मनगटं सोलली ती वेगळीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीनं बांधायला बंदी आहे, पण गावात कोणाले माहीत!

आता गोळ्या चालूच आहेत, पण भडकला की मामी सगळ्यांना बाहेर काढते, टीव्ही बंद, दोन हात लांब उभी राहून हळू आवाजात एकटीच बोलते, दाराची वाट मोकळी. कधी तासभर लागतो बाप्पा, पण मले हेच पटते.

जिवाचं बरंवाईट करायचं बोलला तर मात्र नुसतं बोलून भागत नाही, कपाशीच्या फवारणीचं औषध आधी घरातून हलवा, त्याला एकटं सोडू नका, आणि टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे.