उद्घाटनाला जावं की मधल्या दुपारी?

विद्यापीठाच्या कलादालनात चित्रकलेच्या प्राध्यापकांचं प्रदर्शन लागलं की संभाजीनगरात आमच्या कट्ट्यावर हा वाद ठरलेला.

उद्घाटनाला शाल-श्रीफळ, भाषणं, चहा. सरांभोवती विद्यार्थ्यांचं कडं, आणि प्रत्येक चित्राला एकच अभिप्राय: "छान सर!"

मधल्या दुपारी पंखा आणि रखवालदार काका, बस. तेव्हा चित्राजवळ जाता येतं. गेल्या खेपेला एका कॅनव्हासवर मातकट तांबड्याखालून जुनी निळी रेघ डोकावत होती. मॅडम तास संपवून आल्या, बोटांना अजून खडू.

"मॅडम, ही रेघ राहून गेली का?"

"राहिली नाही, ठेवली. वर्गात पोरांना खोडू नका म्हणते, मग मी कशी खोडू?"

तिथून गप्पांची गाडी अजिंठ्यावर. तिथली चित्रं ओल्या नव्हे, कोरड्या गिलाव्यावर काढलेली. माती, भाताचं तूस, वर चुन्याचा पातळ हात. निळा रंग लाजवर्द दगडाचा. शंभरेक किलोमीटरवर पोरांना नेऊन त्या हेच दाखवतात.

उद्घाटनाला चित्रकार हमखास भेटतात, दुपारी नशिबावर. तरी मी दुपारच निवडेन. फक्त जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, दालनाला कुलूप असतं.